कुटुंबासह परदेशात स्कीइंग: विमा कसा निवडायचा, कुठे वाचायचा, कधी वापरायचा

वहिनी पडली तेव्हा ती जवळजवळ उभीच होती. आल्प्समधलं एक छोटं गाव, आमच्या सहलीचा दुसरा दिवस, दुपारचे साडेतीन, आणि उतारही सोपा, निळ्या खुणेचा. ती वळायला गेली, एका स्कीचं टोक मऊ बर्फात रुतलं, अंग पुढे गेलं आणि पाय मागेच राहिला. जोरात आपटली असती तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, सुटून बूट मोकळा झाला असता. इतक्या हळू पडण्यात ते सुटलंच नाही. गुडघ्यातला 'कट्' आवाज दादाला दोन हात लांबून ऐकू आला.

स्की-पॅट्रोलच्या माणसांनी तिला स्लेजवर बांधून खाली नेलं, दादा तिच्यासोबत गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलांची स्की-शाळा चार वाजता सुटते. एक सहा वर्षांचा, एक नऊची, आणि आणायला कोणीच नाही. मी दुसऱ्याच डोंगरावर होतो. क्लिनिकच्या काउंटरवर पासपोर्ट आणि पॉलिसी नंबर मागितला. पॉलिसी दादाच्या फोनमध्ये, आणि फोन उणे बारा अंशांत केव्हाच मान टाकून बसलेला.

गुडघ्याखालचं हाड चिरलं होतं. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ, प्लास्टरमध्ये. विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हॉस्पिटलचं बिल, आणि ते आलंच. पण त्या आठवड्यात खरा जीव काढला तो बाकीच्या गोष्टींनी: सरळ पाय साध्या सीटमध्ये मावत नाही म्हणून बदललेली तिकिटं, हॉटेलच्या वाढीव रात्री, मुलांचे चार दिवसांचे वाया गेलेले लिफ्टचे (डोंगरावर वर नेणाऱ्या पाळण्यांचे) पास, आणि आईजवळ कोण थांबणार नि मुलांना घेऊन आधी कोण निघणार हा प्रश्न. एकट्याने स्कीइंगला जाणाऱ्याचा विमा आणि कुटुंबाचा विमा यांत फरक पडतो तो इथे. पाय एकाचा मोडतो, पण सहल आणि वेळापत्रक सगळ्यांचं कोसळतं. पहिल्यांदाच बर्फावर निघालेल्यांनी पॉलिसी घेताना काय बघायचं, हे त्या अनुभवाच्या अंगाने क्रमाने सांगतो.

१. पॉलिसी बुकिंगच्याच दिवशी काढा

बहुतेक लोक विमा निघायच्या आदल्या आठवड्यात काढतात, औषधांची पिशवी भरता भरता. त्यात एक मोठा भाग फुकट जातो. सहल रद्द झाल्यास पैसे परत देणारं कव्हर साधारणपणे पॉलिसी काढल्याच्या तारखेपासून लागू होतं. उपचारांचं कव्हर मात्र प्रवास सुरू झाल्यावर. स्कीच्या सहलीत विमान, हॉटेल, लिफ्टचे पास, मुलांची शिकवणी, भाड्याचं सामान असं सगळं महिनोन्‌महिने आधी भरावं लागतं, आणि त्यातलं बरंच परत मिळत नाही. ऐन हिवाळ्यात घरात लहान मुलं असताना कोणाला कधी ताप चढेल याचा नेम नसतो.

म्हणून तिकिटाचे पैसे भरले की त्याच संध्याकाळी पॉलिसी. रद्द करण्याची कोणती कारणं धरली आहेत तेही वाचा. प्रवाशाचं आजारपण बहुतेक ठिकाणी असतं. सोबत न येणारे जवळचे नातेवाईक, म्हणजे मागे राहिलेले आजी-आजोबा, अचानक गंभीर आजारी पडले तर काय, हे पॉलिसीगणिक बदलतं. वर्षभराची पॉलिसी घेणार असाल तर ती सुरू होण्याची तारीख बुकिंगच्या आधीची ठेवा, सहलीच्या आदल्या दिवसाची नको.

२. पॉलिसीत 'स्कीइंग' हा शब्द कुठे आहे ते शोधा

'आमच्याकडे ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे' हे वाक्य स्कीइंगपुरतं जवळजवळ निरर्थक आहे. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात, किंवा जादा प्रीमियम भरून घ्यावे लागतात. क्रेडिट कार्डासोबत आपोआप मिळणाऱ्या विम्याचीही अनेकदा हीच गत. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बर्फात हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो असतो आणि आतल्या अपवादांच्या यादीत 'धोकादायक खेळ' या शब्दांखाली स्कीइंग निमूट बसलेलं असतं. पीडीएफ उघडा, शोधपट्टीत 'स्की' आणि 'विंटर' टाका, आणि प्रत्येक ठिकाण वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकत्र व्हिसा, काढणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, त्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत नेणं धरलेलं असावं लागतं. पण स्कीइंग धरलेलं असावं अशी अट त्यात नाही. व्हिसा मिळाला याचा अर्थ कागद व्हिसापुरता पुरेसा होता, एवढाच. डोंगरासाठी तो पुरेल की नाही हे व्हिसा अधिकारी बघत नाही.

आणखी काही बारकावे. अनेक कंपन्या जगाचे दोन भाग करतात: अमेरिका-कॅनडा धरून आणि ते वगळून. कॅनडातल्या व्हिसलर किंवा बॅन्फला निघाला असाल तर दुसरा, स्वस्त पर्याय निवडणं म्हणजे विमा नसल्यातच जमा. युरोपात उलटी गंमत आहे. काही स्की-क्षेत्रं दोन देशांत पसरलेली आहेत. स्वित्झर्लंडच्या झरमॅटहून लिफ्टने वर चढून माणूस दुपारच्या जेवणाला इटलीतल्या चेर्वीनियाला उतरतो. पोर्त द्यू सोलेईमध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडची सरहद्द दिवसातून दोनचारदा नकळत ओलांडली जाते. पॉलिसीवर एकाच देशाचं नाव असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या.

वर्षभराच्या पॉलिसीत हिवाळी खेळांचे दिवस बहुधा मोजून दिलेले असतात. आणि शर्यती सहसा वगळलेल्या असतात. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? मुलांच्या स्की-शाळेत शेवटच्या दिवशी झेंड्यांमधून छोटीशी शर्यत होते आणि गळ्यात मेडल पडतं, ती आठवा. बऱ्याच कंपन्या शाळेची ही शर्यत चालवून घेतात. तरी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवलेलं बरं.

३. डोंगरावरून खाली आणण्याचे पैसे कोण देणार?

नवख्यांना हा खर्च असतो हेच ठाऊक नसतं. पडल्यावर लाल जाकिटातली माणसं येतात, स्लेजवर घालून खाली नेतात, आणि सगळं लिफ्टच्या पासात धरलेलं असेल असं आपण समजतो. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक स्की-क्षेत्रांत हद्दीतल्या पॅट्रोलचे वेगळे पैसे घेत नाहीत, हे खरं. युरोपात तसं नाही.

फ्रान्समध्ये १९८५च्या पर्वत कायद्याने तिथल्या नगरपालिकांना स्की उतारांवरच्या बचावाचे पैसे आकारायची मुभा दिली. दर टप्प्याटप्प्याने ठरलेले असतात: उताराच्या पायथ्याशी सर्वांत कमी, मग जवळचा टप्पा, मग लांबचा, आणि आखलेल्या उताराबाहेर सर्वांत जास्त. पुढे अँब्युलन्सचा आकार वेगळा. हेलिकॉप्टर आलं तर त्याचं बिल मिनिटांच्या हिशेबाने चढतं. ऑस्ट्रियातही बचावाचं बिल पडलेल्या माणसाच्याच नावावर निघतं. आणि हेलिकॉप्टर बोलवायचं की नाही हे आपण ठरवत नाही. बेशुद्ध माणूस, पाठीला लागलेलं मूल, किंवा स्लेज पोचणार नाही अशी जागा असली की पॅट्रोलवाला वायरलेसवर बोलतो आणि दहा मिनिटांत डोक्यावर पाती घरघरायला लागतात.

तेव्हा पॉलिसीत 'वैद्यकीय खर्च' एवढं लिहिलेलं पुरत नाही. 'डोंगरावरील शोध आणि बचाव' किंवा 'उतारावरून खाली आणणे' असं वेगळं कलम आहे का, त्याला वेगळी मर्यादा आहे का, आणि हेलिकॉप्टर त्यात येतं का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. काही पॉलिसींत उपचारांचा आकडा डोळे दिपवणारा असतो आणि बचावाची उपमर्यादा मात्र एका उड्डाणालाही पुरणार नाही इतकी.

जागेवर मिळणारं स्वस्त संरक्षणही माहीत असू द्या. फ्रान्समध्ये लिफ्टच्या पाससोबत दिवसावारी 'कार्रे नेज' विमा मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली सुरू झालेली रेगा ही हवाई बचाव संस्था आहे. तिला वार्षिक वर्गणी दिली तर विमा कंपनीने न दिलेला बचावाचा खर्च ती माफ करू शकते. पण ती वर्गणी म्हणजे विमा नव्हे. हे पर्याय मुख्य पॉलिसीच्या जोडीला ठीक आहेत. त्यांच्या भरवशावर मुख्य पॉलिसी टाळू नका, कारण त्यांचा भर डोंगर आणि तिथल्या तिथल्या उपचारांवर असतो. पुढे घरापर्यंतची जबाबदारी त्यांची नसते. युरोपीय देशांच्या सरकारी आरोग्य कार्डाचंही तसंच. त्यावर सरकारी दवाखान्यातले उपचार मिळतात, डोंगरावरचा बचाव आणि मायदेशी परतणं नाही.

४. दवाखाना, आणि नंतर घरी परतणं

स्कीइंगमधल्या दुखापतींत पहिला मान गुडघ्याचा. स्नोबोर्डवाले मनगटावर पडतात. हातातली काठी न सोडता पडलं की अंगठ्याचा लिगामेंट फाटतो, आणि ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला स्कीवाल्यांचा अंगठा असंच नाव पडलंय. यातलं बहुतेक जिवावरचं नसतं. पण एक्स-रे, एमआरआय, कधी तातडीची शस्त्रक्रिया, आणि तेही पर्यटकांसाठी उभारलेल्या गावातल्या खाजगी क्लिनिकमध्ये. स्लेजवरून उतरवताना कोणी विचारत नाही की तुमच्या कंपनीचं कोणत्या हॉस्पिटलशी जमतं. शक्य असेल तेव्हा सोबतच्याने विचारावं: 'कुठे नेताय? सरकारी की खाजगी?' आणि लगेच विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत-क्रमांकावर फोन लावावा. जीव धोक्यात असेल तर अर्थात आधी उपचार, मग फोन. एरवी कंपनीला न विचारता महागड्या खाजगी क्लिनिकमध्ये केलेल्या शस्त्रक्रियेवर वाद होतो. आणि तो वाद लंगडणारा माणूस घरी बसून ईमेलवर घालत राहतो.

आता प्लास्टर आणि विमान. ताज्या प्लास्टरच्या आत पाय सुजतो, आणि विमानात ती सूज वाढते. त्यामुळे विमान कंपन्या लांबच्या प्रवासाला प्लास्टरनंतर सहसा ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लास्टर लांबीने चिरून आणायला सांगतात. उडायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्रही मागतात. पाय सरळ ठेवायचा असेल तर जादा सीट किंवा वरच्या वर्गाचं तिकीट लागतं. वहिनीचा पाय असाच होता. डॉक्टरांच्या पत्रात 'पाय उंच व सरळ ठेवणे आवश्यक' हे सहा शब्द होते म्हणून कंपनीने मोठ्या सीटचं तिकीट मान्य केलं. पहिल्या पत्रात ते नव्हते. दादा परत क्लिनिकमध्ये जाऊन रांगेत उभा राहिला आणि ते लिहून घेऊन आला. मदत-क्रमांकावरच्या बाईंनीच त्याला हे सुचवलं होतं, म्हणून त्या क्रमांकाला मी क्लेमच्या फॉर्मपेक्षा मोठं स्थान देतो.

'मायदेशी परत नेणे' या कलमात फक्त रुग्ण आहे की सोबत एक माणूसही, तेही बघा. त्यात सोबत्याचा राहण्याचा, जेवणाचा आणि बदललेल्या तिकिटाचा खर्च येतो का?

५. आखलेल्या उताराबाहेर

युरोपात उतार हिरवा, निळा, लाल, काळा असे सोप्याकडून अवघडाकडे जातात. ठराविक खांब रोवलेले असतात, रात्री यंत्राने बर्फ दाबलेला असतो. त्या खांबांपलीकडे पाऊल टाकलं की तुम्ही ऑफ-पिस्ट, आणि विम्याच्या भाषेत दुसऱ्या जगात. काही पॉलिसी तिथे कव्हर देतच नाहीत. काही गाइड सोबत असेल तरच देतात. काही 'स्की-क्षेत्राच्या हद्दीत चालेल, बाहेर नाही' म्हणतात. हिमस्खलनाचा इशारा किंवा बंदचा फलक डावलून गेलात तर जवळजवळ कोणीच देत नाही. इशाऱ्याची युरोपीय मोजपट्टी १ ते ५ अशी असते आणि रोज सकाळी लिफ्टपाशी लागते. मधला ३ हा आकडा 'ठीकठाक' वाटतो, पण त्याचा अर्थ धोका लक्षणीय आहे असा.

'आम्ही नवशिके, आम्ही कशाला बाहेर जातोय' असं म्हणू नका. बाहेर म्हणजे दूरच्या कड्यावर नव्हे. फॉर्म्युला वन शर्यतींचा विजेता मायकेल शूमाकर याचा २९ डिसेंबर २०१३चा फ्रान्समधल्या मेरिबेलमधला अपघात आखलेल्या दोन उतारांच्या मधल्या पट्ट्यात झाला होता. तो अव्वल दर्जाचा खेळाडू, डोक्याला हेल्मेट, सोबत मुलगा. नवख्यांच्या बाबतीत तर हे मुलांमुळे घडतं. उताराच्या कडेला झाडांमधून इतर पोरांनी पाडलेली नागमोडी वाट असते आणि तुमचं नऊ वर्षांचं रत्न पाचव्या मिनिटाला तिच्यात घुसतं. मुलाला ओरडून फायदा नाही, सगळीच घुसतात. म्हणून कुटुंबासाठी मी हद्दीच्या आतलं ऑफ-पिस्ट धरणारीच पॉलिसी घ्यायला सांगेन, जरी मोठ्यांनी खांब ओलांडायचा नाही असं ठरवलं असलं तरी.

६. आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर

हे कलम वाचायचं लोक सर्वांत आधी सोडतात. मला तर ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपला मोडलेला पाय आपल्यापुरता, त्याच्या बिलाला कुठेतरी अंत असतो. आपण धडकलो तो माणूस सर्जन असेल, त्याचा हात कायमचा अधू झाला असेल, तर भरपाईचा आकडा कुठे थांबेल सांगता येत नाही.

इटलीने हे ओळखून कायदाच केला. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या स्की उतारांवर प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी घेणारा विमा असणं सक्तीचं आहे. नसेल तर १०० ते १५० युरो दंड आणि पास जप्त होऊ शकतो. पाससोबत तो दिवसावारी विकतही मिळतो. आधीच्या पॉलिसीत हे कलम असेल तर त्याचा कागद खिशात ठेवा, विचारला जातो. तिथे १८ वर्षांखालच्यांना हेल्मेट आधीपासून सक्तीचं होतं, २०२५-२६च्या हंगामापासून मोठ्यांनाही आहे.

धडक कोणाच्या चुकीने झाली हे ठरवताना आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम धरले जातात. लांबलचक नाहीत, संध्याकाळी मुलांसोबत वाचून होतात. त्यातला तिसरा तोंडपाठ हवा: मागून, वरून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होऊ नये. पुढचा, म्हणजे खालचा, कसाही वळो. नववा नियम मदतीला थांबायचा, दहावा नाव-पत्ता देण्याचा. धडकून पळ काढणं हा तिथे गंभीर प्रकार समजतात.

अमेरिकेतल्या यूटाहमध्ये डियर व्हॅली इथे २०१६ साली झालेल्या एका धडकेचा खटला २०२३च्या मार्चमध्ये गाजला, कारण त्यातली एक बाजू अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो होती. समोरच्याची मूळ मागणी ३१ लाख डॉलरची होती, पुढे ती तीन लाखांवर आली. ज्यूरीने शेवटी तिला निर्दोष ठरवलं आणि तिच्या प्रतिदाव्यातला मागितलेला एक डॉलर तिला दिला. सगळा वाद एकाच गोष्टीवर होता: वर कोण होतं आणि खाली कोण. निकाल आपल्या बाजूने लागला तरी वर्षानुवर्षं वकील सांभाळणं आपल्यासारख्यांना झेपणारं नाही. म्हणून या कलमात कायदेशीर बचावाचा खर्च आहे का ते बघा, आणि मुलांनी केलेली इजा धरली आहे का तेही. एक अडचण लक्षात ठेवा: घरच्या घरी झालेली धडक, म्हणजे दादाने वहिनीला पाडलं तर, ही बहुतेक पॉलिसींत या कलमाखाली येत नाही.

७. 'कुटुंब' म्हणजे कोण?

फॉर्मवर चार नावं भरली की झालं असं वाटतं. पण पॉलिसीत कुटुंबाची व्याख्या असते. काहींत आई-वडील आणि ठराविक वयापर्यंतची मुलं. वीस वर्षांची मुलगी त्यातून गळते. आजी-आजोबांना वयोमर्यादा आडवी येते, ते स्की न घालता नुसते कॅफेत उन्हात बसणार असले तरी. काही पॉलिसी सगळे एकत्र प्रवास करत असतील तरच लागू होतात. बाबा दोन दिवस उशिरा येणार असतील तर विचारून घ्या.

विम्याची रक्कम प्रत्येकाला स्वतंत्र आहे की सगळ्यांत मिळून एक? मिळून असेल तर एकाच मोठ्या अपघातात ती संपू शकते आणि उरलेल्यांचे चार दिवस अजून बाकी असतात. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातली पहिली ठरलेली रक्कम जी आपल्याच खिशातून जाते, ती माणशी आहे की घटनेशी? एका अपघातात उपचार, पास आणि तिकीट अशा तीन कलमांखाली दावा केला तर ती तीनदा कापणार का? स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा इथे वसूल करते.

आणि आजार लपवू नका. आईचा रक्तदाब, मुलाचा दमा, स्वतःचं जुनं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर. थंड, विरळ हवेत दमा उसळतो. फ्रान्समधलं वाल तोरांससारखं गावच २,३०० मीटरवर वसलेलं आहे आणि लिफ्ट त्याच्याही वर नेतात. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी जुन्या औषधांच्या चिठ्ठीवरून सापडतो, आणि मग त्याचा काही संबंध नसलेला दावाही संशयाने बघितला जातो.

आमच्या वेळी सर्वांत उपयोगी पडलं ते कलम मी आधी कधी वाचलंही नव्हतं: पालक हॉस्पिटलात असताना मुलांच्या सांभाळाची किंवा त्यांना घरी पोचवण्याची सोय. मोठी दोनच माणसं जाणार असतील तर हे असायलाच हवं.

८. सामान आणि बर्फ

याबद्दल थोडक्यात. स्की भाड्याने घेणार असाल तर 'भाड्याचं सामान' धरलंय का ते बघा. दुकानदारही तुटफुटीचा छोटा विमा देतो, दोन्ही घ्यायची गरज नाही. स्वतःचं सामान जुनं असेल तर घसारा कापून पैसे मिळतात. कॅफेबाहेर रॅकला लावलेल्या स्की चोरीला गेल्यास कंपनी विचारते की कुलूप होतं का. एक साधी युक्ती: आपल्या जोडीतली एक स्की एका रॅकला, दुसरी लांबच्या रॅकला. विजोड स्की कोणी नेत नाही.

बर्फच नसणं हीही आता रडकथा आहे. २०२३ सालच्या सुरुवातीला आल्प्समध्ये इतकी ऊब होती की कमी उंचीवरच्या कित्येक गावांचे उतार हिरवेगार पडले होते आणि लिफ्ट बंद. उलट जानेवारी २०१८मध्ये झरमॅटला इतका बर्फ झाला की रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊन सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले. पहिल्यासाठी 'उतार बंद' हे कलम असतं. ते बहुधा ठराविक महिन्यांत, ठराविक उंचीच्या वर आणि सगळा परिसर बंद असला तरच चालतं. दोन लिफ्ट सुरू असतील तर नाही. दुसऱ्यासाठी प्रवासाच्या विलंबाचं. दोन्हींत रक्कम दिवसामागे छोटीच असते. त्यांच्यासाठी पॉलिसी निवडू नका, असतील तर छान.

९. सकाळी निघताना खिशात

कागद. हो, छापलेला कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पॉलिसी नंबर, मदत-क्रमांक देशाच्या कोडसह, रक्तगट, अॅलर्जी, हॉटेलचा पत्ता. प्रत्येक मोठ्याकडे एक, आणि मुलांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात पालकांचे दोन फोन नंबर. स्की-शाळेच्या शिक्षकांकडेही तेच नंबर द्या. फोन अंगालगतच्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी बसते. युरोपभर ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रेगाचा १४१४, पण झरमॅट ज्या व्हॅले कँटनमध्ये (प्रांतात) येतं तिथे १४४.

दुपारी डोंगरावर घेतलेल्या वाइनच्या ग्लासाबद्दलही इथेच सांगतो. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात बहुतेक पॉलिसी नाकारतात, आणि हॉस्पिटलच्या कागदावर रक्तातलं प्रमाण लिहिलेलं असतं. पॉलिसीत हेल्मेटची अट असेल तर ती हॉटेलपासून दोन मिनिटांच्या बालउतारावरही लागू असते.

१०. पडल्यावर

पडलेल्याच्या वरच्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन स्की फुली करून बर्फात रोवा, म्हणजे येणाऱ्यांना लांबून दिसेल. बूट काढू नका, तो आतल्या घोट्याला आधार देत असतो. जवळच्या खांबावर उताराचं नाव आणि बहुधा आकडा असतो, तो पॅट्रोलला फोनवर सांगा. धडक असेल तर समोरच्याचं नाव, पत्ता, पासपोर्टचा किंवा त्याच्या विम्याचा फोटो, आणि पाहणाऱ्या एखाद्याचा नंबर. जागेचा फोटोही काढा, वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूनेही. गडबडीत 'सॉरी, माझीच चूक' असं लिहून किंवा सही करून देऊ नका. जबाबदारी मान्य करण्याआधी विमा कंपनीला विचारावं, अशी अटच असते.

मग कागद. पॅट्रोलचा अपघात-अहवाल, डॉक्टरांचा अहवाल, प्रत्येक पावती, अगदी क्लिनिकहून हॉटेलला गेलेल्या टॅक्सीचीही. न वापरलेल्या पासचे पैसे मागायचे तर 'इतके दिवस स्कीइंग करता येणार नाही' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पास फेकू नका. लिफ्टच्या फाटकावर तो शेवटचा कधी वाजला याची नोंद पास-ऑफिसमधून मिळते. शाळेचे पैसे मागायचे तर शाळेचं पत्र. मुलं स्वतः धडधाकट असतील तर त्यांच्या वाया गेलेल्या दिवसांचे पैसे आपोआप मिळत नाहीत. जखमीसोबत सगळ्यांना थांबावं किंवा परतावं लागलं हे कागदावर दिसावं लागतं.

दादाने हे सगळं एका जुन्या बुटाच्या खोक्यात भरून आणलं होतं. क्लेमचं उत्तर आलं तेव्हा वहिनी काठीशिवाय चालू लागली होती. नाकारली गेली ती एकच गोष्ट: पहिल्या संध्याकाळची, क्लिनिकबाहेरच्या औषधाच्या दुकानातली, जिची पावती त्याने खिशातच ठेवली होती आणि जाकीट धुवायला टाकलं होतं.